तीन विषय राहिले, हे अण्णांना कसे सांगू?

पत्र (संक्षिप्त) : आदरणीय बाईंना सादर नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दहावीला मला ९३ टक्के होते, बारावीला लातूरला राहून ८४ टक्के मिळाले. नीटमध्ये मात्र गुण कमी पडले, म्हणून गेल्या वर्षी पुण्यात बीएस्सीला प्रवेश घेतला. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही चार मुली कॉट बेसिसवर राहतो. वर्गात सगळे इंग्रजीत चालते, मला निम्मे कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. पहिल्याच महिन्यात मी एका मुलीला ‘काय करायलीस?’ असे म्हणाले, तर ती आणि तिच्या मैत्रिणी हसल्या; तेव्हापासून मी वर्गात कामापुरतेच बोलते. जुलैत निकाल लागला, तीन विषय राहिले. दुसऱ्या वर्षाला एटीकेटीवर (म्हणजे राहिलेले विषय पुढे सोडवण्याच्या अटीवर) प्रवेश मिळाला, पण घरी फोनवर मी पास झाले असे सांगितले आणि अण्णांनी गावात पेढे वाटले. पंचमीला गावी गेले, तर झोक्यापाशी चुलती म्हणाली, ‘आता पुण्यावाणी बोलायलीस की गं.’ पुण्यात मी गावाकडची आणि गावात पुण्याची. (मधे एकदा खोलीतल्या मुलीला डेंग्यू झाला, तिला रात्री ससूनला नेले, दोन दिवस तिथेच होते, त्यात एक अंतर्गत परीक्षा बुडाली.) अण्णांनी यंदा दुबार पेरणीसाठी उसने पैसे घेतले, तरी माझे महिन्याचे पैसे चुकवले नाहीत. एक वर्ष कॉलेज करून मी काय मिळवले, असे सारखे मनात येते. सोडून परत जावे का? आणि जायचे तर अण्णांना काय सांगू? कृपया नाव छापू नये.

उत्तर : चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना असे लक्षात आले की, तुझे दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. कॉलेज सोडावे की नाही हे आधी ठरवायचे आणि मग अण्णांना सांगायचे, असे तू धरून चालली आहेस. माझ्या मते अण्णांना आधी सांगायला हवे. ते जोवर तुला उत्तीर्ण समजत आहेत, तोवर तू जो निर्णय घेशील तो एकटीने, आणि उघडकीला येण्याच्या भीतीपोटी घेशील. परत गेलीस तर पास झालेली मुलगी कॉलेज का सोडते याचे कारण पुन्हा रचून सांगावे लागेल, आणि राहिलीस तर पुढच्या प्रत्येक निकालाच्या वेळी जुलैतल्या त्या फोनची भर पडत जाईल. म्हणून पहिले काम तेच.

हे फोनवर सांगू नकोस. पोळ्याच्या आधी एखाद्या शनिवारी गावी जा, आणि घरात सणाची गर्दी होण्यापूर्वी, अण्णा शेतात एकटे असतील तेव्हा सांग. प्रस्तावना करू नकोस, रडून सुरुवात करू नकोस. ‘अण्णा, मी पास झाले असं सांगितलं ते खरं नव्हतं. तीन विषय राहिलेत. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय, पण हे तीन पेपर पुन्हा द्यावे लागणार आहेत,’ इतकी तीन वाक्ये सलग म्हण आणि थांब. त्यांना राग येईल. पेढे वाटल्याचे आठवून त्यांना जास्त लागेल, आणि ते लागणे तुला ऐकून घ्यावे लागेल. त्या वेळी इंग्रजीचे, वर्गातल्या मुलींचे कारण पुढे करू नकोस. कारणे खरी आहेत, पण त्या घटकेला ती ढालीसारखी वापरलीस, तर त्यांना वाटेल की लेक अजूनही पुरते खरे सांगत नाही.

एटीकेटी म्हणजे काय, हे त्यांना समजावण्याची चिंता तू करतेस. ज्या माणसाने यंदाच दुबार पेरणी केली आहे, त्याला हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल. पाऊस ओढ देतो, पहिले बियाणे उगवत नाही, तेव्हा कोणी शेत विकून टाकत नाही. पण बियाणे आपोआप उगवेल म्हणून वाटही पाहत बसत नाही. दुबार पेरणीचा खर्च पुन्हा होतो, पीक उशिरा हाती येते, उतारा कमी पडू शकतो, हे सारे त्यांना ठाऊक आहे. तुझ्या बाबतीत काय खर्च होणार, किती उशीर होणार, हे तू त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांग. फेरपरीक्षेचे शुल्क किती, पेपर कोणत्या महिन्यात, दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर त्यांचा अभ्यास कसा बसवणार, हे कागदावर लिहून घेऊन जा. शेतकरी माणसाला हिशेब दिसला की अर्धी काळजी कमी होते.

आता मी तुला माझी एक गोष्ट सांगते, कारण तुझे पत्र वाचताना मला ती पानापानावर आठवत होती.

मी १९७९ साली मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यातून पुण्याला शिकायला आले. आमचा भाग ज्वारीचा, वडील कोरडवाहू शेती करायचे, आणि मीही घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कांद्याच्या मुळाचे टोक घेऊन त्यातले पेशीविभाजन पाहायचे होते. मुळाचे टोक रंगवायचे, काचपट्टीवर ठेवून दाबायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विभाजनाच्या अवस्था शोधून त्यांची आकृती काढायची. मी तोवर सूक्ष्मदर्शक केवळ लांबून पाहिला होता. आमच्या शाळेत एक होता, तो कपाटात असे. मी भिंगाला डोळा लावला, तर मला काळ्या जाड कडांची गोल गोल वर्तुळे दिसली. या पेशी नसाव्यात, एवढे मला कळत होते. पण मग पेशी कुठे आहेत, हे शेजारच्या मुलीला विचारायचे धैर्य झाले नाही. तिचे इंग्रजी फाडफाड होते आणि तिची आकृती पूर्ण होत आली होती. मी पुस्तक उघडले आणि पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंतच्या चारही आकृत्या तिथून पाहून जर्नलमध्ये उतरवल्या. माझा हात चांगला होता. आकृत्या छापल्यासारख्या आल्या.

आमच्या बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. त्यांनी आधी जर्नल पाहिले, मग वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिले, आणि पुन्हा जर्नल पाहिले. मग हळू आवाजात, बाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्या मराठीत म्हणाल्या, ‘तुझ्या पट्टीवर तर नुसते हवेचे बुडबुडे आहेत. मग या पेशी तू कुठे पाहिल्यास?’ मला उत्तर देता आले नाही. त्यांनी जर्नलमधले ते पान दुमडले आणि कोऱ्या पानावर बुडबुड्यांची आकृती काढायला लावली. खाली ‘हवेचे बुडबुडे’ असे नाव लिहायला लावले. त्यानंतर त्यांनी मला पट्टी पुन्हा कशी करायची, आच्छादन काच एका कडेवर टेकवून हळूच कशी सोडायची म्हणजे हवा अडकत नाही, हे दाखवले. त्या दिवशी मला विभाजनाची एकही अवस्था दिसली नाही. पुढच्या आठवड्यात, साठ-सत्तर पेशी सरकवून पाहिल्यावर, मध्यभागी ओळीने उभी राहिलेली गुणसूत्रे एका पेशीत दिसली. एका पट्टीवर बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळात असतात, नेमकी मध्यावस्था थोड्याच पेशींत सापडते, हे पुस्तकातल्या नीटनेटक्या चार आकृत्यांवरून मला कधीच कळले नसते.

मी पुढे तीस वर्षांहून अधिक काळ हाच विषय शिकवला, आणि दर वर्षी जूनमध्ये पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुलांना बुडबुड्यांची आकृती काढायला लावत असे. कॉलेजने मला काय दिले असे कोणी विचारले, तर मी ते पान सांगते. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणून सांगावे, ही सवय मला तोवर नव्हती. ती शाळेत लागली नाही, यात शाळेचा दोष मी मानत नाही. तिथे हुशार मुलगी म्हणून माझे नाव होते, आणि हुशार मुलीला ‘कळले नाही’ म्हणण्याची वेळच कोणी येऊ दिली नव्हती.

तुझे वर्ष मला यासारखे वाटते. वर्गात तू कळल्यासारखा चेहरा करून बसतेस. घरी पास झाल्यासारखे बोलतेस. वाड्यातल्या मुलींसमोर तू तिथलीच असल्यासारखी वागतेस, आणि गावात काही बदललेच नाही असे दाखवतेस. या चारही आकृत्या पुस्तकातून काढलेल्या आहेत, बाळ. त्या काढण्यात तुझी इतकी शक्ती गेली की अभ्यासाला उरली नाही. तीन विषय राहण्याचे मोठे कारण मला हे दिसते. इंग्रजी हे कारण आहेच, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे.

त्या दुसऱ्या कारणाकडेही नीट पाहू, कारण इथे तुला खरोखर काही करता येण्यासारखे आहे. तू लातूरला बारावी केलीस. तिथल्या ज्या पद्धतीला सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो, ती मुख्यतः सरावावर उभी आहे: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचणीमागून चाचणी द्यायची, चुकलेले प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायचे. त्या पद्धतीने हजारो शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट मोकळी करून दिली आणि मी तिला नावे ठेवणार नाही. पण तिथे कोणीतरी तुझ्यासाठी प्रश्न काढत होते, वेळापत्रक लावत होते, चूक लाल शाईने दाखवत होते. पदवीच्या वर्गात हे कोणीही करत नाही. प्राध्यापक तासभर बोलतात, तीन पुस्तकांची नावे देतात आणि जातात. त्यात भर अशी की, अकरावी-बारावीला विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत असली, तरी शिकवणे बहुतेक ठिकाणी मराठीतून किंवा मिश्र भाषेतून होते, आणि उत्तरे पाठ करून भागते. म्हणजे दहावीपर्यंत तुझ्या डोक्यात संवेग, अपवर्तन, संयुजा, तंतुकणिका हे शब्द अर्थासह बसले. बारावीत त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द अर्थाशिवाय पाठ झाले. आणि आता वर्गात ते इंग्रजी शब्द भराभर येतात, तेव्हा दोन्हींमधला सांधा तुला लागत नाही. याचा अर्थ तुला विषय कळत नाही, असा मुळीच नाही. पुष्कळ विषय तुला आधीच कळलेला आहे, फक्त तो दुसऱ्या नावाखाली ठेवलेला आहे.

म्हणून असे कर. एक दोनशे पानी वही घे आणि डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत व मूळ लिपीतही, उजवीकडे मराठी संज्ञा आणि खाली तुझ्या स्वतःच्या, घरी बोलतेस त्या भाषेत तिचा अर्थ लिही. दररोज दहाच संज्ञा घे. भाषा संचालनालयाचे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आता संगणकावर आणि मोबाइलवर विनाशुल्क पाहता येतात. आमच्या वेळी विश्वकोशाचा खंड पाहायला ग्रंथालयात रांग लावावी लागे. पाठ केलेली नोंद आणि स्वतःच्या भाषेत लिहिलेली नोंद यांतला फरक तुला महिन्याभरात उत्तरपत्रिकेत दिसेल. राहिलेल्या तीन विषयांचे अभ्यासक्रम आणि मागच्या प्रश्नपत्रिका काढून, लातूरला करायचीस तशा चाचण्या आता स्वतःसाठी स्वतः तयार कर. ती पद्धत तुझ्या अंगवळणी पडलेली आहे, तिचा उपयोग टाकून देऊ नकोस.

आणि रोज एक प्रश्न विचार. भर वर्गात विचारायला नको. तास संपल्यावर, प्राध्यापक फळा पुसत असताना जा आणि मराठीत विचार. ‘सर, हे मला कळलं नाही’ एवढे वाक्य पुरे. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, असे विचारणारे मूल शिक्षकाच्या लक्षात राहते आणि त्याच्याबद्दल मनात चांगलेच येते. एखादा शिक्षक तुटकपणे बोलेलही. असे झाले तर दुसऱ्या शिक्षकाला विचार, पण विचारणे थांबवू नकोस.

तुझी बोली ऐकून मुली हसल्या, हे तू दोन ठिकाणी लिहिले आहेस. त्याचे दुःख मी हलके लेखणार नाही; माझ्या ‘म्या’ आणि ‘न्हाई’वर हसलेल्या मुलींचे चेहरे मला आजही आठवतात. पण त्या एका हसण्यावर तू वर्षभराचे मौन धरलेस, हे मला फार महाग वाटते. ‘करायलीस’ हे क्रियापदाचे रूप चुकीचे नाही. लातूर, बीड, नांदेड, परभणीकडे लाखो माणसे त्याच रूपात आपले प्रेम, भांडण आणि हिशेब करतात. पुण्याच्या पेठेत ‘करतेयस’ म्हणतात, दोन्ही मराठीच. परीक्षेत आणि अर्जात प्रमाणभाषा लिहावी, कारण तिथे सर्वांना एकच रूप वाचायचे असते, आणि ती तुला उत्तम लिहिता येते हे तुझ्या पत्रावरून दिसते. बोलताना मात्र जी ओठावर येईल ती बोल. ज्या मुलीशी तुझी मैत्री व्हायची असेल, ती हसून झाल्यावर अर्थ विचारेल.

चुलतीचे बोलणे याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. पंचमीच्या झोक्यापाशी तिने तुला चिडवले, यात मला राग दिसत नाही. घरची मुलगी आपल्या हातातून सुटत चालली आहे याची ती चुटपुट आहे. ती खरीही आहे. तू बदलली आहेस, आणि बदलणार आहेस. कॉलेजला जाणाऱ्या पहिल्या पिढीला ही किंमत द्यावीच लागते, आणि ती कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी स्पष्ट सांगते. माझी आई शेवटपर्यंत माझे काम काय आहे ते सांगू शकली नाही. ‘पोरगी झाडांचं शिकवती’ असे ती शेजारणींना सांगे. काही गोष्टी मी तिच्याशी बोलू शकले नाही. पण वांग्यावर कोणता रोग पडला आहे आणि तो कसा ओळखायचा, हे मी तिला सांगू लागले तेव्हा ती परसात माझ्या शेजारी तासभर बसे, आणि कित्येकदा माझी चूक दुरुस्त करी. तूही जे शिकतेस ते घरी घेऊन जा. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी उपटून अण्णांना दाखव, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला कसा मिळवून देतात ते सांग. गाठ चिरल्यावर आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती काम करते आहे, असे समजायचे. ते वर्षानुवर्षे त्या गाठी पाहत आले आहेत. कदाचित तेच तुला काही सांगतील.

कॉलेज सोडावे का, हा प्रश्न आता घेते. सोडणे म्हणजे कलंक आहे, असे मी मानत नाही. गांधीजी १८८८ साली भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले, तिथले शिकवणे त्यांना समजेना, आणि पहिले सत्र संपताच ते घरी परतले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे लपवले नाही. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. त्याच वर्षी ते विलायतेला गेले. तिथे लंडनच्या मॅट्रिक परीक्षेला बसले, आणि पहिल्या प्रयत्नात लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा अभ्यास केला, पुन्हा बसले आणि उत्तीर्ण झाले. हे उदाहरण मी ‘मोठी माणसेही नापास होतात’ अशा स्वस्त दिलाशासाठी देत नाही. भावनगरहून परतताना त्यांना नेमके काय येत नव्हते हे ठाऊक होते, आणि लॅटिनमध्ये काय कमी पडले हेही ठाऊक होते, म्हणून पुढचे पाऊल उचलता आले. मला तुला दाखवायचे आहे ते एवढेच. तुला आज हे नीट ठाऊक नाही. ‘मला काहीच येत नाही’ असे तू लिहितेस, आणि त्या वाक्यावर कोणताही निर्णय उभा राहू शकत नाही.

तेव्हा माझे मत असे: फेरपरीक्षा होईपर्यंत सोडू नकोस. वर सांगितले तसे मनापासून काम कर. त्यानंतरही विषयात गोडी वाटली नाही, पुस्तक उघडताना ओझेच वाटले, तर बदलण्याचा विचार अवश्य कर. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबण्याची, व पुढे पुन्हा येण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी त्या त्या वर्षाचे श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण झालेले असावे लागतात, म्हणजे सोडायचे झाले तरी हे तीन विषय आधी सोडवणे तुझ्याच हिताचे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही आहे. १९८९ पासून ते अशाच, घरी राहून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी काम करत आले आहे. गावी परतून तिथून पदवी घेणे हा कमीपणाचा मार्ग नाही. फक्त लाजेपायी पळून त्या मार्गाला जाऊ नकोस, कारण ती लाज तुझ्याबरोबर गावी येईल.

पैशाचा प्रश्न तू ओझरता लिहिला आहेस, पण मला तो गंभीर वाटतो. अण्णांनी उसने काढून तुला पैसे पाठवावेत आणि तू ते मुकाट्याने घ्यावेत, याने तुझे मन आणखी खचत असणार. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी कॉलेजात कर. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करून मानधन मिळते. या कल्पनेमागे महाराष्ट्रातली मोठी परंपरा आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हे तत्त्व आपल्या संस्थांमध्ये रुजवले आणि खेड्यापाड्यांतली हजारो मुले त्यावर शिकली. पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवते. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची चौकशी आतापासून कर. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. तुला कोणती लागू पडते आणि राहिलेल्या विषयांचा तिच्यावर काय परिणाम होतो, हे कार्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन प्रत्यक्ष विचार. वाड्यातल्या मुलींकडून ऐकीव माहिती घेऊ नकोस.

जमले तर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर असते, बहुधा एखाद्या खेड्यात. तिथे शेणाने सारवलेल्या अंगणात कसे बसायचे, विहिरीचे पाणी कसे शेंदायचे, म्हाताऱ्या माणसांशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे शहरातल्या मुलींना तुझ्याकडून शिकावे लागेल. मी अशी अनेक शिबिरे घेतली. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुलगी तिसऱ्या दिवशी पन्नास जणांच्या स्वयंपाकाची आखणी करताना मी पाहिली आहे, आणि त्यानंतर ती वर्गातही पूर्वीसारखी राहिली नाही.

एक वर्ष कॉलेज करून मी काय मिळवले, असे तू विचारतेस, आणि त्याच पत्रात, तिसऱ्या पानावर, कंसात एक वाक्य लिहून पुढे जातेस. परक्या शहरात, वर्षापूर्वी ज्या मुलीला ओळखतही नव्हतीस तिला तापाने फणफणलेली पाहून रात्री रिक्षा शोधलीस, ससूनसारख्या अवाढव्य रुग्णालयात केसपेपर काढलास, रक्ताच्या तपासणीसाठी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेलीस, तिच्या आईवडिलांना फोन करून धीर दिलास आणि ते येईपर्यंत दोन दिवस तिथेच राहिलीस. त्यापायी परीक्षा बुडाली, तर त्याची तक्रारही तू केली नाहीस. (ते तू विभागप्रमुखांना सांगितलेस का? रुग्णालयाचे कागद दाखवून अंतर्गत परीक्षा पुन्हा देता येते का, हे विचारायला हवे होते, अजूनही विचार.) दीड वर्षापूर्वी लातूरच्या खोलीतून शिकवणीला आणि शिकवणीतून खोलीत जाणारी मुलगी हे करू शकली असती का, याचे उत्तर तूच दे. हे गुणपत्रिकेत येत नाही आणि त्याने राहिलेले विषय सुटत नाहीत, हे मला मान्य आहे. पण अण्णांशी बोलताना, तीन विषयांचे सांगून झाल्यावर, हेही सांग. त्यांना दोन्ही कळायला हवे.

आणखी एक. चार पानांच्या पत्रात तू ‘तीन विषय राहिले’ असे पाच वेळा लिहिलेस, पण ते विषय कोणते, हे एकदाही लिहिले नाहीस. गावाहून परत आलीस की मला पुन्हा पत्र लिही, आणि त्यात तिन्ही विषयांची नावे, प्रत्येकात मिळालेले गुण, आणि प्रत्येकातली न कळलेली प्रकरणे लिही. वनस्पतिशास्त्र त्यांत असेल तर तेवढ्या प्रकरणांपुरती मी स्वतः मदत करीन. दुसरे काही असेल तर त्या विषयाच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून कळवीन. अण्णांना माझा नमस्कार सांग.